ठेवणीचा कांदा आणि जमिनीची प्रत

वैशाखांत कांदा काढून झाला, कीं आमच्याकडे चाळींची चर्चा सुरू होते. चाळ किती फूट रुंद असावी, तळ जमिनीपासून किती उंच घ्यावा, वर पत्रा घालावा कीं उसाच्या पाचटानें शाकारावें, अनुदानाचा अर्ज कोठें द्यावा, या गोष्टींचा खल पारावर महिनाभर चालतो. या चर्चेस आमचा विरोध नाहीं. खालून वर हवा खेळती राहील अशी चाळ पाहिजेच. परंतु एक गोष्ट आमच्या ध्यानांत वारंवार आली आहे. एकाच चाळींत, एकाच दिवशीं भरलेले दोन शेतांचे कांदे सारखे टिकत नाहींत. एकाचा गणपतींत वास सुटतो, दुसरा दिवाळीपर्यंत खणखणीत राहतो. चाळ तीच, वारा तोच, पत्राही तोच. तेव्हां फरक चाळींत पडलेला नसून त्याच्याही पूर्वीं, रोप लावण्याच्या आधीं, जमिनींत पडलेला असतो असें आमचें मत झालें आहे, व तें वाचकांपुढें मांडण्यासाठीं हा लेख लिहीत आहों.

आमचें शिक्षण मराठी शाळेपुरतें. शेतकी शास्त्राचा अभ्यास आम्हीं केलेला नाहीं. उमेदीचीं वर्षें महसुली कचेरींत कारकुनी करण्यांत गेलीं. मात्र त्या कारकुनीनेंच आम्हांस एका जुन्या कागदाची ओळख करून दिली, आणि कांद्याचा उलगडा आम्हांस त्या कागदावरून झाला, म्हणून प्रथम त्याविषयीं सांगतों.

इंग्रजी अमलांत जमिनीचा सारा ठरवितांना प्रत्येक शेताची प्रतबंदी होत असे. सातारचें राज्य १८४८ सालीं खालसा झाल्यानंतर हें काम आपल्याकडे सुरू झालें. सन १९४९ पर्यंत वाळवें, तासगांव, खानापूर हे तालुके साताऱ्यांतच होते, त्यामुळें त्यांचीही पद्धत तीच. संस्थानी गांवांचीं दफ्तरें तेवढीं निराळीं. प्रतबंदी करणारा कारकून शेताचे भाग पाडी, प्रत्येक भागांत खणून मातीची खोली हातांत मोजी, पोत व रंग पाही आणि १६ आण्यांपासून २ आण्यांपर्यंत नऊ प्रतींपैकीं एक प्रत लावी. पावणेदोन हात खोल, एकसारखी बारीक काळी माती ती १६ आण्यांची. त्याखेरीज जमिनींत दोष असले तर त्यांच्या खुणा मांडून प्रत उतरवीत: चुनखड, वाळसर, उतरवट, चोपण, उपळवट. चोपण म्हणजे जिच्यांतून पाणी खालीं मुरत नाहीं ती. उपळवट म्हणजे जिच्यांत झऱ्याचा पाझर वर येऊन ओल राहते ती. सारा ठरविण्यासाठीं केलेलें हें काम, पण ठेवणीच्या कांद्यास जें कळावयास पाहिजे तें जवळजवळ सर्व त्यांत आहे: खोली किती, पोत कसा, पाणी निघतें कीं तुंबतें.

आतां आमच्या घरची हकीकत ऐका. आमच्या वांट्यास दोन तुकडे आले आहेत. एक ओढ्याकाठची मळी, काळी, खोल, वडिलांच्या वेळेपासून घरांत तिचा मोठा मान. दुसरा टेंकडीच्या पायथ्याचा, मध्यम काळा, हातसव्वाहात मातीखालीं मुरूम. त्याला घरांत कोणी विचारीत नसे. निवृत्त झाल्यावर पहिल्याच वर्षीं आम्हीं फुरसुंगी वाणाचें एकच बीं, एकाच गादीवाफ्यांतलीं रोपें, आठवड्याच्या आंत दोन्हीकडे लावलीं. काढणीस मळीचा कांदा मोठा व भरघोस निघाला. पायथ्याचा मध्यम, घट्ट, पातळ मानेचा, आणि वजनास स्पष्ट कमी. घरांतल्या सर्वांनीं मळीची वाखाणणी केली व आम्हीही केली. त्या राशीच्या भरंवशावर मुलीच्या शिक्षणाचा हप्ता आम्हीं भाद्रपदांत द्यावयाचा ठरविला होता. श्रावण संपतां संपतां चाळीच्या खालून काळें पाणी गळूं लागलें. रास उपसली तेव्हां मळीचा अर्धा कांदा मानेपासून मऊ पडलेला, कांहींस कोंब आलेले. पायथ्याचा कांदा शेजारच्याच खणांत होता. तो दसरा उलटून विकला. हप्ता कर्ज काढून भरला, आणि त्याच महिन्यांत आम्ही दोन्ही तुकड्यांचे प्रतीचे उतारे काढून आणले. मळी १६ आणे असून एका भागास उपळवटाची खूण. पायथ्याचा तुकडा १० आणे, दोष कांहीं नाहीं.

असें कां व्हावें, याचा विचार करितां कारण मानेंत सांपडतें. कांदा टिकतो तो मान मिटल्यामुळें. गड्डा भरला, कीं पातीचें काम संपतें, मान मऊ पडून पात आडवी होते, पातींतला रस गड्ड्यांत उतरतो, आणि वरची साल सुकून तोंड बंद होतें. मग कांदा कांहीं महिने निजतो. ज्या कांद्याची पात काढणीच्या वेळींही हिरवीगार असते, त्याची मान जाड राहते, आंतून ओली राहते, आणि त्याच वाटेनें कूज गड्ड्यांत शिरते. पात हिरवी कोण ठेवतें? उशिरां मिळणारें नत्र आणि उशिरां मिळणारें पाणी. खोल काळ्या जमिनींत हीं दोन्ही शिल्लक राहतात. काढणीपूर्वीं पंधरा दिवस पाणी तोडावें असें सर्वत्र सांगतात व तें बरोबर आहे. पण पाण्याचें दार बंद केलें म्हणजे खोल काळ्या जमिनींतलें पाणी तुटलें असें नव्हे. ती पंधरा दिवस आपल्याच पोटांतलें पाणी पाजीत राहते. त्यांतच वळीव कोसळला, तर झालेंच. उलट मध्यम खोलीच्या, खालीं मुरूम असलेल्या जमिनींत पाणी तोडलें, कीं खरेंच तुटतें. माना एकदम व सारख्या पडतात.

अगदीं हलक्या माळाची शिफारस मात्र आम्ही करीत नाहीं. दोन-चार आण्यांच्या मुरमाड जमिनींत गड्डा भरण्यापूर्वींच माना पडतात आणि गोट्या हातांत येतात. आमच्या समजुतीनें ८ ते १२ आण्यांची, निचऱ्याची जमीन ही ठेवणीच्या कांद्याची. साताऱ्यांत खटाव, माण, कोरेगांव, फलटण, खंडाळें या तालुक्यांत अशी जमीन पुष्कळ आहे. लोणंदच्या बाजारांत गरवा कांदा पूर्वींपासून नांवाजलेला आहे तो उगाच नाहीं. महाबळेश्वरास दोनशे इंचांवर पाऊस आणि दहिवडीस वीस इंचांच्या आंतबाहेर, असा आमचा जिल्हा. कांद्याचें भाग्य दहिवडीच्या बाजूस आहे. सांगलीकडे आटपाडी, खानापूर, कवठें महांकाळ, जत येथेंही टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचें पाणी जेथें पोंचलें आहे तेथें हाच विचार लागू पडेल.

पाणी पोंचलें म्हणतांना भीतीही वाटते. फलटणच्या पलीकडे, नीरेच्या डाव्या तीरास, सन १८८५ मध्यें कालवा वाहूं लागला, आणि पंचवीस वर्षांच्या आंत तेथल्या खारावलेल्या जमिनींवर डॉ. हॅरोल्ड मॅन व तम्हाणे यांना पुस्तिका लिहावी लागली. ती १९१० ची. पुढें तीच कथा कृष्णाकाठीं वाळवें, पलूस, मिरज या तालुक्यांत उसाच्या पाण्यानें घडली. जेथें प्रतबुकांत चोपणाची खूण नव्हती तेथें आज पांढरें फुटलेलें दिसतें. कांद्याचें पीक खारास फार नाजूक आहे. ऊस जें सोसतो तें तो सोसत नाहीं. अशा जमिनींत जिप्सम टाकून कांदा लावण्याचा सल्ला कोणी दिला, तर आधीं चराची व्यवस्था काय तें त्यास विचारावें. चर नसतां जिप्समनें सुटा झालेला क्षार जाणार कोठें? चोपण सुधारण्याचें काम चार-पांच वर्षांचें आहे, तें अवश्य करावें, पण तोंपर्यंत कांदा दुसरीकडे न्यावा.

जुना उतारा हातीं नसला तरी अडत नाहीं. जेथें कांदा लावावयाचा तेथें हातभर खोल खड्डा घ्यावा, संध्याकाळीं पाण्यानें भरावा व सकाळीं पाहावा. सकाळीं पाणी दिसलें तर तें शेत ठेवणीच्या कांद्याचें नव्हे. आकारावरून प्रत ओळखूं नये. साऱ्यांत गांवाचा वर्ग व पाण्याची सोय हींही धरलेलीं असतात, त्यामुळें आकार फसवितो.

जमीन ठरली म्हणजे तिच्यांत आधीं कोणतें पीक होतें तें पाहावें. उसाचा खोडवा मोडून त्याच हंगामांत कांदा लावण्याची जी चाल पडली आहे ती आम्हांस पसंत नाहीं. खोडव्याचीं धसकटें कुजत राहतात, तीं आरंभीं नत्र ओढून घेतात आणि नेमकें गड्डा पोसण्याच्या वेळीं तें परत देऊं लागतात. कांद्यावर कांदा किंवा लसणावर कांदा हेंही टाळावें; मुळकुजीचें बीज जमिनींत राहतें. सर्वांत चांगलें द्विदल पीक. कोरेगांवचा वाघ्या घेवडा, ज्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तो पावसाळा संपतां संपतां निघतो आणि मार्गशीर्षांतल्या लावणीपर्यंत जमीन तयार करण्यास दोन महिने मोकळे सांपडतात. सोयाबीन, भुईमूग, मूग हेही चालतात. ज्यास खरीप सोडतां येतो त्यानें ताग पेरून फुलावर येतांच गाडावा.

शेणखताविषयीं आमच्या लोकांचा एक गैरसमज आहे, कीं जितकें जास्त तितकें बरें, मग तें कसेंही असो. उकिरड्यावरचें कच्चें खत लावणीच्या आठवड्यांत पसरलें, तर तणाचें बीं, हुमणी आणि उशिरां सुटणारें नत्र अशा तीन गोष्टी आपण शेतांत नेतों. खत पूर्ण कुजलेलें, हातांत घेतां भुसभुशीत व वासरहित असावें, आणि लावणीपूर्वीं महिनाभर कुळवाच्या पाळीनें मातींत मिसळावें. एकरीं ६ टन, म्हणजे बैलगाडीच्या हिशेबानें बारा-तेरा गाड्या पुरत. तितकें नसेल तर आहे तें आधींच्या घेवड्यास द्यावें. कांदा त्याचा उरलेला अंश खाऊन सुखी राहतो.

आतां गंधकाकडे येऊं, कारण आमच्या मतें खरी चूक येथें होत आहे. कांद्याचा तिखटपणा गंधकापासून येतो, हें डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या प्रत्येक गृहिणीस न सांगतां कळावें. पूर्वीं आपण स्फुरदासाठीं सुपर फॉस्फेट टाकीत होतों. त्यांत १६ टक्के स्फुरदाबरोबर सुमारें ११ टक्के गंधक असतो, तो न मागतां मिळे. पुढें डी. ए. पी. आलें, पोतें कमी, वाहतूक कमी, दुकानदार खूष. पण त्यांत गंधक नाहीं. एकाच शेतांतून वर्षानुवर्षें सोयाबीन, कांदा, ऊस काढून गंधक उपसला आणि परत कांहींच घातला नाहीं, हें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. सन २०१५ पासून जी मृदा आरोग्य पत्रिका मिळते तिच्या बारा रकान्यांत गंधकाचा एक रकाना आहे. तो किती जणांनीं वाचला असेल? कचेरीच्या अनुभवावरून सांगतों, कागद मिळविण्यासाठीं माणूस चार खेपा घालतो, आणि मिळाल्यावर सात-बाराच्या पिशवींत कोंबून ती खुंटीस टांगतो. त्या रकान्यांत दहाच्या आंत आंकडा असेल तर जमीन गंधकास भुकेली आहे असें समजावें. त्याच पत्रिकेंत क्षारतेचा आंकडा एकाच्या वर असेल, तर कांद्याचा बेत पुन्हां तपासावा.

राजगुरुनगर येथें कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. त्यांची रब्बी कांद्याची शिफारस हेक्टरीं ११० किलो नत्र, ४० स्फुरद, ६० पालाश व ४० गंधक अशी आहे. एकराचा हिशेब आम्हीं मांडला तो असा. सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या दोन गोण्यांत स्फुरद पुरा होतो व गंधक ११ किलोंच्या वर मिळतो. जिप्समची एक गोणी टाकली म्हणजे गंधकाची उरलेली गरज भागते. म्युरिएट ऑफ पोटॅश ४० किलो. हें सर्व शेवटच्या कुळवणींत मातींत जावें. नत्रासाठीं युरियाचीं ४५ किलोचीं दोन पोतीं, किंचित् अधिक. त्यांतला तिसरा हिस्सा लावणीस, बाकीचा तिसाव्या व पंचेचाळिसाव्या दिवशीं. साठ दिवसांनंतर युरियाच्या पोत्याकडे पाहूं नये. पात पिवळट दिसली कीं "एक हात मारूं" असा मोह होतो. चाळींतलें काळें पाणी त्या एका हाताचें असतें.

मशागतीचें थोडक्यांत सांगतों, कारण ती वाचकांस आमच्याहून अधिक कळते. कांद्याचीं मुळें वीतभर थरांतच वावरतात. तेव्हां एक नांगरट पुरे, पण तो वीतभर थर एकजीव, भुसभुशीत पाहिजे. कुळवाच्या दोन-तीन पाळ्या वापशावर द्याव्या. ढेंकूळ राहिलें, तर त्यास टेंकून वाढलेला गड्डा एका अंगानें चेपतो आणि काढतांना खरचटतो. खरचटलेला कांदा ठेवणीचा नव्हे. रोटाव्हेटरनें मात्र आमच्या लोकांस वेड लावलें आहे. एका फेऱ्यांत पीठ होतें खरें, पण तें पीठ पहिल्याच पाण्याला बसून त्याची पोळी होते आणि खालीं तळ घट्ट होतो. ओलींत चालविला तर अधिकच. मध्यम जमिनींत कुळवानें जें काम होतें तें आम्हांस अधिक भरंवशाचें वाटतें.

वाफे सपाट असावे, चढउतार मोडून पाणी सारखें बसेल असे. ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांनीं चार फूट रुंद व वीतभर उंच गादीवाफे करावे. मध्यें दीड फूट सरी सोडली कीं वळवाचें पाणीही निघून जातें. ज्यांस मळीच आहे, दुसरी जमीन नाहीं, त्यांना गादीवाफ्यावांचून गति नाहीं. अशांनीं पाणी पंधरा दिवसांऐवजीं वीस-बावीस दिवस आधीं तोडावें, आणि तो कांदा चाळींत वेगळ्या खणांत ठेवून आधीं विकावा. आम्ही आतां तसेंच करितों.

आमचे एक शेजारी, ज्यांस सर्व गांव बापू म्हणतें, हें वाचून काय म्हणतील तें आम्हांस ठाऊक आहे, कारण त्यांनीं बांधावर तें म्हटलेंच आहे. "भाऊसाहेब, वजन पायथ्याला कमी मिळतं, हें तुम्हीच सांगता. मग ठेवणीच्या नादानं वजन कां घालवायचं? काढला कीं विकला, कटकट मिटली." बापूंचा हिशेब एका परी खरा आहे. ज्यास ताबडतोब विकावयाचा त्यानें मळींत लावावा, आमची हरकत नाहीं. परंतु ताबडतोब विकणाऱ्यास भाव ठरविण्याचा अधिकार उरत नाहीं. डिसेंबर २०२३ मध्यें निर्यात बंद झाली ती ४ मे २०२४ पर्यंत. खरिपाचा व रांगडा कांदा थांबूं शकत नाहीं, तो मिळेल त्या भावानें गेला. उन्हाळी कांदा त्याच एप्रिल-मे महिन्यांत निघाला, आणि ज्याचा कांदा थांबण्यासारखा होता तोच थांबला. त्या वर्षीं पावसाळा सरतां सरतां भाव चढले. दर वर्षीं चढतातच असें नाहीं, हें आम्ही कबूल करितों. थांबावें कीं न थांबावें हें ज्यानें त्यानें ठरवावें. पण ठरविण्याची सोय पाहिजे, आणि सडक्या राशीच्या मालकास ती नसते.

सरकारनें चाळीस अनुदान दिलें याबद्दल तक्रार नाहीं. आमची तक्रार इतकीच, कीं चाळ कोणत्या जमिनीच्या कांद्यासाठीं आहे हें कोणीच विचारीत नाहीं. अर्जास सात-बारा जोडतात, त्यावर कांद्याची पीकपाहणी पाहतात. ऑगस्ट २०२१ पासून ती पाहणी शेतकरी स्वतःच मोबाइलवर करितो. पण माती, निचरा, गंधक यांचा शब्द नाहीं. अर्जासोबत मृदा पत्रिकेची प्रत घेण्यास कागदाखेरीज काय खर्च आहे? कारकून असतांना आम्हीं निरुपयोगी कागद कित्येक जोडून घेतले. हा एक उपयोगाचा झाला असता.

आपल्या संघानें सरकारची वाट पाहूं नये. आश्विनांत दुकानांत जावें तर सुपर फॉस्फेट व जिप्सम संपलेलें असतें आणि डी. ए. पी. पुढें करितात. संघानें श्रावणांतच सभासदांकडून मागणी घेऊन हीं दोन खतें एकत्र आणावीं. खरीप निघतांच सभासदांनीं मातीचे नमुने एकाच दिवशीं संघाच्या कचेरींत आणावे, म्हणजे तपासणीस पाठविण्याची खेप एकच पडेल. ज्यांस प्रतीचे उतारे पाहिजेत त्यांनीं गांवाचें नांव व जुना सर्व्हे नंबर घेऊन आमच्याकडे यावें. अर्ज आम्ही लिहून देऊं, आणि खुणा वाचूनही दाखवूं. भूमि अभिलेखाच्या कचेरींत तीं पानें जीर्ण झालीं आहेत, उलगडतांना कडा तुटतात, तेव्हां हें काम या वर्षींच केलेलें बरें.